सोबतच्यांच्या चपला

माझ्या नवऱ्याचं वजन संपलं त्या दुपारी ते वर जाऊन पंख्याला अडकले. नशीब, वीज गेली होती. मी भात उतरवून बाहेरच्या खोलीत आले तर पलंग रिकामा, आणि वरून आवाज, "अगं, घाबरू नकोस. मी इथं आहे."

"तिथं काय करताय?"

"वजन संपलं बहुतेक."

आंबे उतरवायची आकडी माळ्यावर होती. ती बंडीच्या काजात अडकवून मी त्यांना खाली ओढलं, मनगट माझ्या पदराला बांधलं आणि ताट वाढलं. भात गरम होता म्हणून दोन घास जास्त गेले.

ह्यांचं नाव भूपाल. सगळी उमर गूळ मार्केटात तोलार होते. तोलाराने ढेप काट्यावर घालायची, वजन मोठ्याने पुकारायचं, मग दिवाणजी ते लिहिणार. पहिल्या मापाला तोलार कधी ‘एक’ म्हणत नाही. ‘लाभ’ म्हणतो, मग दोन, मग तीन. आमच्या घरात तव्यावरची पहिली भाकरीसुद्धा लाभ होती. मुलगी झाली तेव्हा ह्यांनी सुइणीच्या हातून तिला घेतलं, तळहातावर खालीवर करून तोललं आणि म्हणाले, "लाभ." पुढे दुसरं मूल झालं नाही, त्यामुळे दोन म्हणायची वेळ आली नाही.

कॅन्सर सेंटर गावाबाहेर हायवेला आहे. सहा डोस ठरले होते, दोन झाले होते. डोस देण्याआधी तिथे काट्यावर उभं करतात आणि पंचेचाळीसच्या आत भरलात तर परत पाठवतात. "खाऊनपिऊन या पुढच्या खेपेला." मागच्या गल्लीतले शिंपी असेच दोनदा परत आले. तिसऱ्यांदा त्यांना जावंच लागलं नाही.

खाऊ घालण्यात मी काही कमी ठेवलं नव्हतं. खारीक, अंजीर, मुगाचं कढण, डिंकाचे लाडू, नाचणीची आंबील. आहाराच्या मॅडम म्हणाल्या, अंडं द्या. आम्ही जैन. ह्यांनी बसल्याजागी मॅडमना हात जोडले. खाल्लेलं पोटात जायचं आणि वजन कुठे जायचं कोणास ठाऊक! मला राग यायचा. डॉक्टरांचा, देवाचा, शेवटी शेवटी त्या लाडवांचासुद्धा.

मग मी माझ्या पद्धतीने तयारीला लागले. फाइलीतले रिपोर्ट तारखेवार लावले. थर्मासमध्ये गरम पाणी, मळमळीला आलेपाक आणि लिंबाच्या फोडी, आत एसीचा गारठा असतो म्हणून स्वेटर. आणि बंडी. गुळाच्या पोत्याचं किंतान कापून तिला आतून खिसे शिवले. पाठीला पाटा, पोटाला इस्त्री, एका कुशीत वरवंटा, दुसऱ्या कुशीत लोखंडी खलबत्ता.

"हे काय?" ह्यांनी विचारलं.

"बंडी."

"त्रिशला, हे काटा मारणं झालं. जन्मात मी कुणाचा काटा मारला नाही."

"तुम्ही नका मारू. मी मारते. माझं पाप मला."

त्यांनी तोंड फिरवलं, पण हात वर केले आणि बंडी चढवू दिली.

सेंटरात काट्यापाशी कदममामा असतात. मामा माणसाकडे बघत नाहीत, आकड्याकडे बघतात. रांगेतला प्रत्येक जण चालताना वाजत होता. आमच्या पुढच्या गृहस्थांच्या पायजम्यातून विटेचा कोपरा दिसत होता. मी बघितलेलं त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "दगडापेक्षा वीट मऊ, ताई." मला हसू आलं. अशा ठिकाणी येतं, त्याला काय करणार?

भिंतीलगत चपलांची एक लांब रांग होती. बायकांच्या जास्त, पुरुषांच्याही होत्या, आणि सगळ्यांवर धूळ.

"कोणाच्या हो ह्या?" मी झाडूवाल्या बाईंना विचारलं.

"सोबतच्यांच्या," त्या म्हणाल्या आणि झाडूने एक वाकडी झालेली जोडी सरळ केली.

हे काट्यावर चढले आणि सवयीने म्हणाले, "लाभ." मामा म्हणाले, "शेहेचाळीस. जावा आत."

घरी येऊन मी पाटा बाहेर काढला, तर तो हातातून सुटला आणि वर गेला. छताला आपटून थोडा गिलावा पडला. मागोमाग वरवंटा, खलबत्ता, इस्त्री. सगळं छताला जाऊन शांत बसलं. हे मात्र पंख्याच्या उंचीवरून दाराच्या चौकटीपर्यंत खाली आले होते.

वर बघत म्हणाले, "एक पारडं खाली यायचं तर दुसरं वर जाणारच."

"जाऊ दे," मी म्हणाले. "चटणी मिक्सरवर होते."

चौथ्या डोसाच्या वेळी मी देव्हाऱ्याखालची वजनं काढली. वीस वीस किलोची बिडाची दोन वजनं, तळाला सरकारी शिक्का. काम सोडताना मार्केटने दिलेली. दर दिवाळीला हे ती तेलाने पुसायचे.

"ती नको," हे म्हणाले. "ती खरी आहेत."

"म्हणूनच नेते."

त्यांच्यासोबत कुकर घेतला, त्यात शेंगदाणे भरले. आकडा भरला, डोस मिळाला. संध्याकाळी बंडीतून वजनं निघाली आणि हळूहळू वर चढली. खालून दोन्ही शिक्के स्पष्ट दिसत होते. ह्यांचे पाय आता खिडकीच्या गजांपर्यंत उतरले होते, पण त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते रडत होते. आई गेली तेव्हाही रडले नव्हते तसे रडत होते, आणि मी पदराची गाठ घट्ट करत नुसती उभी राहिले.

पाचव्याला शेजाऱ्यांकडे हात पसरला. इंदूवहिनींनी त्यांच्या सासूचं जातं दिलं. नंतर मागायला आल्या तेव्हा मी वर बोट दाखवलं. त्यांनी मान वर करून बघितलं, पदर खोचला आणि म्हणाल्या, "असू दे बाई. आजार हत्तीच्या पावलाने येतो, मुंगीच्या पावलाने जातो." पण त्यानंतर मी दिसले की गल्लीतली दारं लागायला लागली. आतून जड काहीतरी ओढून लपवल्याचा आवाज यायचा. त्यांना तरी बोल कसा लावू? त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

ह्यांच्या तळव्यात आणि फरशीत आता चार बोटं अंतर राहिलं होतं. मी रोज सकाळी बोटं घालून बघायचे. चारच. एकच डोस बाकी होता.

गव्हाचं पोतं आणलं तर उंबरा ओलांडेपर्यंत हलकं झालं. घराला सवय लागली होती. स्वयंपाकाचे डबेसुद्धा आपोआप छताला गेले होते. दुसरं आणलं, त्याचंही तेच. मी जमिनीवर बसून घरभर नजर फिरवली. खाली फक्त ओट्याला जखडलेला गॅस आणि चटई होती, हे होते आणि मी होते. लग्नानंतर ह्यांनी मला एकदा उचललं होतं आणि म्हणाले होते, "पंचावन्न. थोडी घटबढ." पुढे त्यात भरच पडली, घट काही झाली नाही.

भीती वाटली. खोटं कशाला सांगू? पण चार बोटांसाठी ह्यांना जाऊ देणं माझ्याच्याने होणार नव्हतं. एवढं सगळं केल्यावर नाहीच नाही.

या वेळची तयारी निराळी होती. छतावरच्या प्रत्येक डब्याला मी सुतळी बांधून टोकं खाली सोडली. तांदळाची, डाळीची, मिठाची. ह्यांना गॅस लावायला शिकवला.

"आता कशाला?"

"शिकून ठेवा. मी कधी देवळात गेले, उशीर झाला, तर चहा कोण देणार?"

मुलीला बेळगावला फोन केला आणि बाबांना भात मऊ लागतो, ताक आंबट चालत नाही, असं उगीच सांगत बसले. ती म्हणाली, "आई, मला माहीत आहे की." आकडी मी दाराआड उभी केली आणि ह्यांना जागा दाखवली.

"ही कशाला? मी आता खालीच आहे."

"असू दे. लागते कधी."

सेंटरात रांगेत शेवटी उभी राहिले. आमची पाळी आली तेव्हा मी ह्यांच्या पाठीला पाठ लावली, दोघांच्या कमरेभोवती एकच दोरी आवळली आणि वरून मोठी शाल घेतली.

"काय बांधलंस पाठीला?" ह्यांनी विचारलं.

"ढेप आहे. मार्केटातून मागून आणली."

"कोणाच्या दुकानातली?"

"ओळखीच्यांची."

ते जरा मागे रेलले. "चांगली आहे गं. अजून ऊब आहे हिला."

"ताजी आहे."

"आणि तू कुठे आहेस?"

"मागेच आहे," मी म्हणाले.

कदममामांनी पहिल्यांदाच आकड्यावरची नजर काढली आणि माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "बाई, चपला तिकडं भिंतीला काढा."

मी पायानेच चपला सोडून रांगेच्या टोकाला सरकवल्या. आम्ही काट्यावर चढलो. हे म्हणाले, "लाभ."

"भरलं," मामा म्हणाले. "जावा आत."

मी दोरी सोडली. सिस्टर ह्यांना आत घेऊन गेल्या. मी काचेसमोरच्या बाकावर बसले आणि बाटलीतून थेंब पडताना बघत राहिले. थोड्या वेळाने टाचा उचलल्या गेल्या. मग मांड्यांखालचा बाक लागेनासा झाला. मी बाकाची कड धरली होती, पण शेजारच्या मुलीला आजीला निजवायचं होतं, म्हणून सोडली.

वर गर्दी होती. ट्यूबलाइटच्या पट्टीला धरून माणसं पंख्यांपासून लांब, दाटीवाटीने होती. "सरका हो जरा," कोणीतरी म्हणालं, आणि एसटीत देतात तशी त्यांनी मला जागा दिली.

"आत कोण?" शेजारच्या म्हाताऱ्यांनी विचारलं.

"आमचे हे."

"कितवा?"

"शेवटचा."

"मग बरंय," ते म्हणाले.

दार उघडलं आणि हे बाहेर आले. फरशीवर त्यांच्या पावलांचा आवाज झाला. चालण्याचा, खराखुरा! मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने हाक मारली. हाक निघाली, पण माझ्याजवळच राहिली.

त्यांनी बाकाकडे बघितलं. तिथे आजी झोपली होती. काट्यापाशी जाऊन त्यांनी विचारलं, "आमची मंडळी कुठे गेली हो?" मामा आकडा लिहीत होते. त्यांनी मान वर केली नाही.

मग हे भिंतीच्या कडेने चपला बघत चालू लागले. जुन्या, धुळीच्या जोड्या ओलांडत टोकाला आले आणि थांबले. खाली वाकले. माझ्या चपला उचलून त्यांनी डाव्या तळहातावर ठेवल्या, डोळे मिटले, हात एकदा खाली, एकदा वर केला, आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं पुकारलं, "लाभ."