कापलेले श्वास

आमच्या ह्यांना माझ्या श्वासाचा त्रास होतो. घोरण्याचा नव्हे, गाताना घेते त्या श्वासाचा. हे रेकॉर्डिस्ट. टेपवर माझा श्वास ‘फस्स’ असा उमटतो म्हणे. मग टेप हाताने पुढेमागे ओढत हे तो फस्स नेमका हुडकतात, ब्लेडने तिरका कापतात आणि दोन्ही टोकं चिकटपट्टीने जोडतात. माझे श्वास जातात टेबलाखालच्या कचऱ्याच्या डब्यात.

आधी मला कौतुकच वाटलं. गाणं गाजलं, एका दमात दोन कडवी म्हणणारी बाई म्हणून लोक मला ओळखू लागले. तिथेच नाकापेक्षा मोती जड झाला. कुणाच्या घरी गायला बसले, की ऐकणाऱ्यांचे चेहरे उतरायचे. सासूबाईसुद्धा एकदा म्हणाल्या, “सर्दी झालीय का गं? टेपवर किती छान गातेस!”

“टेपवर मी नाही, तुमचे चिरंजीव गातात,” मी म्हटलं. त्यांना ती थट्टा वाटली.

परवा सभागृहात माझा कार्यक्रम होता. ह्यांनी मला न विचारता पडद्यामागे टेपचं मशीन मांडून ठेवलं.

“तू नुसते ओठ हलव.”

“मी गाणार.”

“अगं, लोक ते टेपवरचं गाणं ऐकायला आलेत.”

“मग मशीनलाच नटवून उभं करा की!”

ह्यांनी कोपरापासून हात जोडले. “बरं बाई, गा.”

मला खरंच आनंद झाला. पहिली ओळ सुरेख लागली. दुसरीच्या मध्यावर मी श्वास घेतला, मुद्दाम नाही, लागला म्हणून. पहिल्या रांगेतला एक गृहस्थ बायकोकडे बघून हसला. मागून कुणीतरी ओरडलं, “ही ती नव्हेच!” मी गातच राहिले.

तेवढ्यात स्पीकरमधून माझाच आवाज आला, गुळगुळीत, न थांबणारा. ह्यांनी मशीन चालू केलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

रागाने मी तोंड मिटून घेतलं. गाणं चालूच राहिलं. त्या गृहस्थाच्या कपाळाला आठी पडली, तसा माझा राग कुठल्या कुठे गेला आणि नुसती भीती उरली. पडद्याआडून हे हातवारे करत होते.

मी ओठ हलवू लागले. दुसऱ्या कडव्यात मला दम लागला. तोंड उघडून श्वास घ्यावा, तर त्या गाण्यात तेवढी जागाच नव्हती.