बाबांना कोण अडवणार

माझ्या मुलीचं नाव कुमालुक. ते माझ्या वडिलांचं नाव. आम्हा बर्फाळ उत्तरेकडच्या लोकांत ज्याचं नाव, त्याचाच जीव, म्हणून जन्मापासून मी तिला बाबा म्हणते, अहोजाहो करते. वडिलांना कुणी हुकूम सोडतं का? तीही मला 'पोरी' म्हणते आणि चहात साखर कमी पडली की ऐकवते.

वडील क्षयाने खोकत इस्पितळाच्या बोटीवर चढले होते. "रानबदकं परतायच्या आत येतो," म्हणाले. त्यांना दक्षिणेत कुठे पुरलं, तेही कुणी कळवलं नाही.

आणि आता तेरा वर्षांची ही सामान बांधून बसली. पूर्वी गावात सरकारी शाळा होती, आपली भाषा बोललं की हातावर पट्टी. मग आमच्याच माणसांचं शाळा मंडळ आलं, तेव्हा अख्खं गाव नाचलं. लहान मुलं आमच्या भाषेत वाचू लागली. वरच्या वर्गाचा मास्तर मात्र दक्षिणेतून यायचा आणि पहिल्याच हिवाळ्यात पळायचा. यंदा कुणी आलाच नाही. मंडळाने तो वर्ग बंद करून मोठ्या मुलांची सोय दक्षिणेच्या शहरात केली. आपलीच माणसं, शिव्या तरी कुणाला घालायच्या?

"बाबा, नका ना जाऊ."

"मी मास्तर होऊन येईन, पोरी. गावचा मास्तर पळेल कुठे?"

"मागेही येतो म्हणाला होतात."

"तेव्हा खोकला होता. आता धडधाकट आहे."

विमान उतरलं. मी नवऱ्याला, जुपीला, ढोसलं. "अडवा की तिला."

"सासऱ्यांना मी काय सांगणार?" तो पुटपुटला.

ती पायऱ्या चढायला लागली आणि माझा धीर सुटला. मी तिचा दंड धरला. "कार्टे, मी तुझी आई आहे. मुकाट्याने घरी चल."

असं मी तिच्याशी कधीच बोलले नव्हते. ती खाली उतरली. ओठ पांढरे पडले होते.

"म्हणजे आजोबांना काढून घेतलंस माझ्यातून?" ती म्हणाली. "मी त्यांच्याच भरवशावर निघाले होते गं."

मी जिंकले होते. पिशवी उचलून घरी जायचं, एवढंच उरलं होतं. पण घरी कुणाला नेणार होते मी? बाबांना तर मी आत्ताच, माझ्या तोंडाने, दुसऱ्यांदा मारलं होतं.

मी पिशवी उचलून तिच्या खांद्यावर अडकवली.

"चला बाबा, उशीर होतोय," मी म्हणाले. "रानबदकं परतायच्या आत या."

तिने मान डोलावली आणि ती पायऱ्या चढून गेली. या वेळी बाबा येतो म्हणाले नाहीत.