मिस्त्रींच्या खिडक्या

मिस्त्रींच्या घरात वारा येतो, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. मिस्त्रींसमोर ते बोलायची मात्र कुणाची टाप नव्हती. घराच्या सगळ्या खिडक्या त्यांनी स्वतःच्या हातानं केल्या होत्या, आणि ज्या माणसानं उभा जन्म दुसऱ्यांच्या दारा-खिडक्यांना नावं ठेवण्यात घालवला, त्याच्या खिडकीला नाव ठेवायचं म्हणजे वाघाच्या तोंडात हात घालायचा. हल्ली मिस्त्री काम करत नव्हते. नावं ठेवणं तेवढं चालू होतं.

लाकूड थंडीत आकसतं, पावसात फुगतं. ते कुणाच्या बापाचं ऐकत नाही. मिस्त्री दरवर्षी हिवाळ्याच्या तोंडावर चौकटींवरून रंधा फिरवत, चार पट्ट्या ठोकत आणि जाहीर करत, "झालं. आता मुंगीसुद्धा आत यायची नाही." त्यांची बायको म्हणे, "छान झालं हो," आणि स्वेटरवर शाल घेई.

यंदा मात्र तिचा खोकला हटेना. डॉक्टरांनी छाती तपासली आणि सांगितलं, औषधानं व्हायचं तेवढं होईल, पण आधी झोपायची खोली उबदार करा. असाच अजून एक हिवाळा काढलात तर खोकला कायमचा मुक्कामाला येईल. मिस्त्रींनी घरी येऊन झोपायच्या खोलीत आणखी एक पट्टी ठोकली. खोकला काही पट्टीला घाबरला नाही.

मग मुलीनं हालचाल केली. ती गावाच्या दुसऱ्या टोकाला नांदत होती आणि बापाला न विचारता कामं उरकण्यात तिचा हात कुणी धरला नसता. तिचा फोन आला तो सगळं ठरवूनच.

"बाबा, घरं उबदार करायला सरकार अनुदान देतंय. जुन्या खिडक्या काढून दुहेरी काचेच्या बसवून देतात, छतालाही आतून जाड थर लावतात. मी तुमच्या घरासाठी अर्ज केलाय. गुरुवारी तपासायला येतील."

"काय तपासायला?"

"घर."

"माझं?"

"मग काय शेजाऱ्यांचं?"

मिस्त्रींनी फोन बायकोच्या हातात दिला. बोलण्यासारखं काही उरलं नाही की ते असंच करत.

दोन दिवस त्यांनी जेवणाव्यतिरिक्त तोंड उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "आता येणारच आहेत तर येऊ देत. पण अहो, परकं माणूस घर बघायला यायचं. असं कसं दाखवायचं?"

हे मिस्त्रींना पटलं. पाहुणा यायचा म्हटल्यावर आपण घर आवरतो, पडदे धुतो, फुटका कप मागे सारतो. पाहुण्याला कुणी पसारा मुद्दाम मांडून दाखवत नाही. सरकारी माणूस झाला तरी तो पाहुणाच. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे दोघांनाही कुणी वेगळं शिकवायची गरज नव्हती. आपण नेमकी कुठली मूठ झाकतोय, याचा विचार दोघांपैकी एकानंही केला नाही.

काम जोरात सुरू झालं. बायको मेणबत्ती घेऊन प्रत्येक चौकटीच्या कडेकडेनं फिरवी, मिस्त्री ज्योतीवर डोळा ठेवत. जिथे ज्योत कलली तिथे सुताची दोरी दाबून बसवायची, वर पुट्टी, पुट्टीवर रंग. छताच्या फळ्यांत जुन्या गोधडीचे तुकडे कोंबले. बायकोनं एक लांबलचक पिशवी शिवून तिच्यात वाळू भरली आणि मागच्या दाराच्या पायाशी आडवी टाकली. खूप वर्षांनी दोघं असं बरोबर काम करत होते, आणि खरं सांगायचं तर दोघंही मजेत होते. मधूनमधून ती खोकायची आणि मेणबत्ती विझायची, एवढीच काय ती अडचण.

झोपायच्या खोलीतल्या खिडकीपाशी आल्यावर तिनं ज्योतीच्या आड हात धरला.

"हात काढ," मिस्त्री म्हणाले.

तिनं हात काढला. ज्योत कललीच नाही, सरळ विझली.

"वात खराब आहे," ती म्हणाली.

"असेल," मिस्त्री म्हणाले आणि तिथे दोरीचे दोन पदर घातले.

गुरुवारी सकाळपासून घरातला हीटर लावला होता, शिवाय शेजाऱ्यांचा एक उसना आणला होता, पाहुण्याला गारठा नको म्हणून. मुलगी लवकर आली, दारातून आत आली आणि लगेच तिनं स्वेटर काढला. "आज बरं उबदार आहे," ती संशयानं म्हणाली. मिस्त्रींनी ऐकलं नाही असं दाखवलं. ते नुसत्या सदऱ्यावर, बाह्या दुमडून, खुर्चीत बसले होते.

पाहुणा म्हणजे एक तरुण तपासनीसबाई निघाली. पाठीवर भलीमोठी पेटी, हातात घडीच्या दांड्या. तिनं आल्या आल्या कोट काढला, पुढचं दार उघडलं, चौकटीत दांड्यांवर ताणलेलं कापड घट्ट बसवलं आणि कापडाच्या मधोमध पंखा लावला.

"हा पंखा घरातली हवा बाहेर ओढतो, काका," तिनं समजावलं. "मग जिथे जिथे फट असेल तिथून बाहेरची हवा आत शिरते. किती शिरली ते यंत्र सांगतं."

"चौकट गुण्यात, अगदी काटकोनात बसली का तुमची?"

"अगदी."

"बसणारच. दार माझं आहे."

पंखा घरघरत राहिला. तपासनीसबाईनं यंत्राकडे बघितलं, मग खिडक्यांकडे, मग परत यंत्राकडे. पंखा बंद करून पुन्हा लावला. शेवटी ती म्हणाली, "कमाल आहे. नव्या घरांतही इतकी कमी हवा शिरत नाही. पूर्ण गल्लीत मी असं घर बघितलं नाही."

मिस्त्रींची छाती सदऱ्यात मावेना. बायकोनं चहा आणला, बिस्किटं आणली आणि मिस्त्री बिस्किटांबरोबर लाकडाची जात, शिरा आणि आजकालच्या कारागिरांचा आळस असं सगळं वाढत राहिले. तपासनीसबाईनं चहा संपवला, सगळं ऐकून घेतलं आणि पेटी आवरायला घेतली.

"मग अनुदानाचा काही प्रश्नच येत नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?" मुलगी स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"अनुदान फटींतून वारा शिरणाऱ्या घरांना. हे घर पास झालं. आणि एकदा पास झालं की पुन्हा अर्ज करता येत नाही."

"बरोबरच आहे," मिस्त्री म्हणाले. "चांगल्या घराला सरकारनं का म्हणून द्यावं?"

मुलगी खिडकीपाशी गेली आणि चौकटीच्या कोपऱ्यात नख रुतवलं. नख आत गेलं.

"बाबा, हे काय आहे?"

"पुट्टी."

"कधी लावली?"

"लावली असेल कधीतरी."

"ओली आहे."

मिस्त्रींनी कपात बघितलं. कप रिकामा होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, हे आता त्यांच्याही लक्षात यायला लागलं होतं. पण सुंभ जळाला तरी पीळ कुठे जातो?

तपासनीसबाई भली होती. तिनं पेटी खाली ठेवली. "काका, फटी तात्पुरत्या बुजवल्या असतील, तर ते काढून मला परत मोजता येतं. तसा नियम आहे. हे तात्पुरतं आहे का?"

"मी तात्पुरतं काही करत नाही," मिस्त्री म्हणाले.

मुलीनं कपाळाला हात लावला.

"मग राहणाऱ्या माणसाला विचारते," तपासनीसबाई म्हणाली. "यंत्र एक सांगतंय आणि माणूस दुसरं, असं असलं तरी परत मोजतात. काकू, हिवाळ्यात घरात थंडी वाजते का?"

"छे!"

"अजिबात नाही?"

"अहो, यांच्या हातच्या खिडक्या आहेत," बायको म्हणाली आणि तिला खोकल्याची उबळ आली. ती संपेपर्यंत सगळे थांबले.

"आई, खरं सांग," मुलगी म्हणाली. "ही शेवटची संधी आहे. डॉक्टर काय म्हणाले ते तूच मला सांगितलंस ना?"

"खरंच सांगतेय. उलट उकडतं."

खोलीत खरोखरच उकडत होतं. तपासनीसबाईच्या कपाळावर घाम होता. मुलगी ओढणीनं वारा घेत होती. आणि त्या सगळ्यांच्या मधोमध मिस्त्रींची बायको स्वेटर, स्वेटरवर शाल, कानाला रुमाल आणि पायात लोकरी मोजे अशा थाटात उकडतंय म्हणून सांगत होती.

"उकडतंय तर शाल काढ," मुलगी म्हणाली.

"राहू दे गं."

"का पण?"

बायको विचारात पडली. हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता. "हिवाळ्यात काढत नाहीत," ती शेवटी म्हणाली. सूर्य उगवतो, दूध उतू जातं, हिवाळ्यात शाल काढत नाहीत, अशा सहजपणे.

तिला लपवायचं काही नव्हतं आणि म्हणूनच मिस्त्रींना ते लागलं. हिवाळ्यात बिनशालीची बायको आठवून पाहायचा त्यांनी प्रयत्न केला. स्वयंपाक करताना आठवली, शालीत. झोपलेली आठवली, शालीत. लेकीला दूध पाजताना आठवली, तीही शालीत, आणि लेकसुद्धा त्याच शालीत. मिस्त्रींना लाज वाटली. खिडक्यांची नव्हे, खिडक्यांचं काय, लाकूडच ते. हे सगळं रोज डोळ्यांसमोर असून आपल्याला दिसलं नाही, याची वाटली.

ते उठले, हत्यारांच्या पेटीतून पटाशी काढली आणि झोपायच्या खोलीत गेले. बाकीच्या तिघी मागोमाग आल्या.

"अहो, काय करताय?"

"तात्पुरतं आहे," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी पुट्टीत पटाशी घातली.

"अहो, राहू द्या! इतके कष्ट करून भरलंय!" बायकोनं त्यांचं मनगट धरलं. मिस्त्रींनी ते हळूच सोडवलं. पुट्टीचे तुकडे पलंगावर पडले, ताजा रंग सालीसारखा निघाला, आणि मग दोरीचं टोक हाती लागलं. त्यांनी ओढली. ती येतच राहिली, पहिला पदर, मग दुसरा.

"पंखा लावा," ते तपासनीसबाईला म्हणाले.

ती जाऊन दारातला पंखा लावून परत आली. खिडकीच्या कडेनं शीळ घातल्यासारखा बारीक आवाज आला आणि शालीचं टोक आपसूक हललं.

"इकडे ये," मिस्त्री बायकोला म्हणाले. ती आली. त्यांनी तिला खिडकीसमोर उभं केलं. "थंडी वाजते?"

बायको मुलीकडे बघू लागली, मग तपासनीसबाईकडे. मिस्त्री वाट बघत होते. इतक्या वर्षांत वारा येणार नाही हे त्यांनी तिला अनेकदा सांगितलं होतं; विचारलं कधीच नव्हतं.

"वाजते," ती म्हणाली.

तपासनीसबाईनं लिहून घेतलं. तिला तेवढंच पुरे होतं. पण बायकोचं आता कुठे सुरू झालं होतं. "स्वयंपाकघरातपण वाजते," ती तपासनीसबाईला सांगू लागली. "पायाला. भांडी घासताना मानेला. रात्री या कुशीवर झोपलं की पाठ गार पडते, त्या कुशीवर झोपलं की छाती. मध्ये उताणी झोपून बघितलं, तर मग नाक. लग्न होऊन आले त्या पहिल्या हिवाळ्यापासून बघा..."

मिस्त्रींनी पटाशी खिडकीत ठेवली आणि पलंगावरची पुट्टी हातानं बाजूला सारून ते बसले.

"त्यांना काय सांगतेस?" ते म्हणाले. "मला सांग."