कॅपुचिनला फोन लागायला हवा

क्लेमेन्सिया तीन वर्षं माहेरी, डॉमिनिका बेटावर गेली नव्हती. तिच्या नवऱ्याचं, अल्फर्डचं नाव टोरांटोच्या हॉस्पिटलात मूत्रपिंड बसवण्याच्या प्रतीक्षा यादीत होतं आणि बोलावणं कधीही येईल असं सांगून ठेवलं होतं. कागदावर पहिला नंबर अल्फर्डचा, दुसरा तिचा. अल्फर्ड फोन कुठेही विसरायचा, एकदा तर तो फ्रीजमध्ये सापडला होता. मुलगी जनीक बस चालवायची, तिला स्टिअरिंगवर फोन उचलता येत नसे. म्हणजे खरा नंबर एकच, असं क्लेमेन्सिया धरून चालली होती.

जानेवारीत तिची थोरली बहीण युफ्रेझिया हिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटल्यावर तिने फोन केला. "आता स्वच्छ दिसतंय. तुझं तोंड दाखवायला ये, नाहीतर ही नजर काय कोंबड्या बघायला आहे?"

"दूदू, जाऊन ये," अल्फर्ड लाडाने म्हणाला.

"आणि हॉस्पिटलचा फोन आला तर?"

"फोन काय इथे ठेवून जाणार आहेस?"

रविवारी जनीकने स्वयंपाकघरात बसून आईला समजावलं. फोनमधलं सिम आहे तसंच राहणार, हॉस्पिटलचा फोन त्यावरच वाजणार. ई-सिम म्हणजे आणखी एक सिम, फक्त हातात न घेता येणारं. त्यावर इंटरनेट चालवायचं. "मी उद्या जेवणाच्या सुट्टीत घेऊन टाकते. पाच मिनिटांचं काम."

दुसऱ्या दिवशी ईमेल आला. चौकोनी ठिपक्यांचा कोड आणि वर एक झेंडा. क्लेमेन्सियाने चष्मा लावला, काढला आणि मुलीला फोन लावला.

"जनीक, मला पाठवतेयस कुठे?"

"डॉमिनिकाला. का गं?"

"मग यावर पोपट कुठाय? आपल्या झेंड्यावर पोपट असतो. हे डॉमिनिकन रिपब्लिक आहे, बाई! स्पॅनिश बोलणाऱ्यांचं!"

पलीकडे जनीक ईमेल पुन्हा उघडून बघू लागली.

"अठ्ठावीस वर्षं या शहरात जो भेटेल त्याला सांगतेय, मी तिकडची नव्हे. आता पोटच्या पोरीला सांगायची पाळी आली."

बाहेरच्या खोलीत अल्फर्ड इतका हसला की त्याला ठसका लागला. नशिबाने कोड फोनमध्ये टाकलेला नव्हता, त्यामुळे पैसे परत मिळाले. पण या वेळी निवड मीच करणार, असं क्लेमेन्सियाने जाहीर केलं.

तिने आधी बहिणीला विचारलं, "घरात रेंज कुणाची येते?"

"कुठे उभी राहतेस त्यावर आहे. अंगणात आपल्या टॉवरची. मागच्या ओसरीवर गेलीस की फ्रेंचांची. समोर ग्वादलूप दिसतंय ना, त्यांचा टॉवर इथवर हात घालतो. पलीकडच्या मॅथ्यूला तर फोन रोज 'फ्रान्समध्ये स्वागत' म्हणतो."

हे कुठल्याही जाहिरातीत लिहिलेलं नव्हतं. नुसत्या डॉमिनिकाचं ई-सिम घेतलं असतं तर मागच्या ओसरीवर ते मुकं झालं असतं, आणि त्या घरात दिवस सगळा मागच्या ओसरीवरच जातो. कॅरिबियनच्या एका पॅकमध्ये वीस बेटं होती, पण ग्वादलूप नव्हतं; फ्रेंच बेट म्हणून ते युरोपच्या यादीत घातलेलं. क्लेमेन्सिया बोट ठेवून एकेक यादी वाचत गेली. चौथ्या ठिकाणी दोन्ही नावं सापडली. थोडं महाग होतं. तिने घेतलं.

कोड आला तिच्याच फोनवर, आणि तो दाखवायचा फोनच्याच कॅमेऱ्याला. त्याला स्वतःचा पडदा कसा दिसणार? मग तो अल्फर्डच्या टॅबवर उघडला.

"हलू नकोस."

"मी पुतळ्यासारखा बसलोय. तुझाच फोन हलतोय."

टिक झालं. नव्या लाइनला तिने 'गाव' असं नाव दिलं, इंटरनेट त्या लाइनवर ठेवलं आणि जुन्या लाइनचं बंद केलं. नव्या लाइनच्या रोमिंगचं एक बटण तेवढं राहिलं होतं, ते डॉमिनिकात विमान उतरल्यावर दाबलं. कॅपुचिनला, बहिणीच्या गावी ती पोचेपर्यंत अल्फर्डचा चेहरा फोनवर हजर होता.

पाचव्या दिवशी दुपारी दोघी बहिणी ओसरीवर डाशीन, म्हणजे अळूचे कंद, सोलत बसल्या होत्या. फोन वाजला. जुन्या लाइनवर, टोरांटोचा नंबर.

"अल्फर्डच्या पत्नी का? मूत्रपिंड आलंय. ते फोन उचलत नाहीत. त्यांना दोन तासांत आणाल का?"

क्लेमेन्सियाने मातीचा हात कपड्याला पुसला. मग 'हो' म्हणून तिने टोरांटोतल्या शेजारच्या तिओदोरोला व्हिडिओ लावला. इमारतीचा कॉरिडॉर तिला हलताना दिसला, दारावरची थाप ऐकू आली, आणि ओल्या केसांचा, टॉवेल गुंडाळलेला अल्फर्ड दारात उभा राहिला. "काय झालं?" तिने सांगितलं. तो टॅक्सीत बसेपर्यंत तिने चित्र जाऊ दिलं नाही.

मग वाट पाहणं सुरू झालं. युफ्रेझियाने सगळं डाशीन सोलून टाकलं, लागणार होतं त्याच्या तिप्पट.

दिवस मावळताना अल्फर्डचा चेहरा पुन्हा उमटला. अंगात हॉस्पिटलचा झगा.

"नाही जमलं, दूदू. मला पर्यायी म्हणून बोलावलं होतं. ज्याच्यासाठी होतं त्याला ते जुळलं."

"मी उद्याच निघते."

"येऊन काय करणार? मला सूप पाजणार? इतकी वर्षं मला वाटायचं, माझं नाव कुठल्यातरी फायलीत धूळ खात पडलंय. आज कळलं, ते लोक खरंच फोन करतात." त्याने झग्याची बाही सारखी केली. "ज्याला मिळालं तो बरा होवो."

युफ्रेझियाने फोन ओढून घेतला आणि पात्वामध्ये, बेटावरच्या बोलीत, त्याला भरपूर झापलं. आंघोळीला जाताना फोन गळ्यात बांध, दोरी ओवलेल्या साबणासारखा, असं सांगितलं. तो हो हो म्हणत राहिला.

क्लेमेन्सियाने तिकीट बदललं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी समुद्रावर गेल्या. एक पाण्यात उतरली की दुसरी फोन हातात घेऊन दगडावर बसायची, मग पाळी बदलायची. अशा त्या दुपारपर्यंत पोहत राहिल्या.