चूक दाखवणारी ओळ

मला कुणी पाठ करत नाही, माझ्यावर कुणी चाल बांधत नाही, तरी मी एक ओळच आहे, मित्रांनो, आणि आता बरीच जुनी झाले आहे. माझा मुक्काम एका सर्व्हरमधल्या सेटिंगच्या फाईलमध्ये असतो. सर्व्हर म्हणजे दिवसरात्र जागा राहणारा कॉम्प्युटर. तुम्ही वेबसाइट उघडता तेव्हा पान तयार करून तुमच्याकडे पाठवतो तो हाच. आमच्या सर्व्हरवरचे प्रोग्राम पीएचपी नावाच्या भाषेत लिहिलेले आहेत आणि त्या भाषेने कसं वागायचं, हे आमची फाईल ठरवते.

माझं काम सांगायला सोपं आहे. प्रोग्राम कुठे अडखळला, तर ती चूक पडद्यावर दाखवायची की नाही, एवढंच मी सांगते. माझ्यापुढे ‘चालू’ असेल तर दाखवायची, ‘बंद’ असेल तर नाही. माझ्या डोक्यावर समजुतीच्या काही ओळी आहेत. मशीन त्या वाचत नाही, माणसांनी वाचाव्यात म्हणून त्या लिहिलेल्या आहेत. माणसंही वाचत नाहीत. घरातल्या वडीलधाऱ्यांसारख्या त्या आपल्या सांगत राहतात, की प्रोग्राम लिहिताना हिला चालू ठेवा, लोकांसाठी उघडलात की बंद करा, आणि हिला बंद कराल तेव्हा हिच्या धाकटीला चालू करायला विसरू नका.

धाकटी म्हणजे माझ्या खालची ओळ. ती चूक पडद्यावर दाखवत नाही, एका वेगळ्या फाईलमध्ये गुपचूप लिहून ठेवते. मी बोलकी, ती लिहिती. दोघींपैकी एक तरी जागी हवी.

आमचा सर्व्हर एका लहानशा डायलिसिस केंद्रात आहे, धुतलेल्या चादरी ठेवतात त्या खोलीत. ज्यांच्या किडन्या थकल्या आहेत अशी माणसं ठरलेल्या वेळी इथे येतात, खुर्चीवर पडून राहतात आणि शेजारचं मशीन त्यांचं रक्त स्वच्छ करून परत देतं. ही वेळ चुकवून चालत नाही. चुकली की अंगात पाणी साठतं, पाय सुजतात, श्वास पुरत नाही. ही वेळ ठरवण्याची आणि बदलण्याची वेबसाइट लिहिली ती वहिनीने. इथल्या मोठ्या सिस्टरच्या थोरल्या भावाची ती बायको, म्हणून डॉक्टरांपासून सफाईच्या मावशींपर्यंत सगळे तिला वहिनीच म्हणतात.

ते माझे चांगले दिवस होते. मी चालू होते. प्रोग्राम अडला, की कुठल्या फाईलमध्ये, कितव्या ओळीवर आणि का, ते मी मोठ्या काळ्या अक्षरांत सांगून टाकायची.

“बोल बाई, आता काय बिघडलं?” वहिनी विचारायची. मग वाचून मान हलवायची. “लपवून ठेवत नाहीस, हे बरं करतेस.”

मोठ्या सिस्टर चादरी घ्यायला आल्या की दारातच थांबायच्या. “वहिनी, दादाऐवजी या डब्याशीच तुझं लग्न लावून द्यायला हवं होतं.”

“वन्सं, डबा निदान चुकलं तर चुकलं म्हणतो.”

“हे दादाला सांगू का?”

“सांगा. ते ऐकतील, पण मानणार नाहीत.”

वेबसाइट लोकांसाठी उघडली त्याच आठवड्यात वहिनीच्या आईचं ऑपरेशन निघालं आणि तिला तिकडे जावं लागलं. मला बंद करायचं राहून गेलं. वेटिंग रूममध्ये पेशंटसाठी एक कॉम्प्युटर ठेवला होता. त्याच्यापुढे चित्रकलेचे निवृत्त मास्तर बसले होते. त्यांनी कुठलंसं बटण दाबलं, प्रोग्राम अडखळला आणि मी सवयीप्रमाणे सगळं सांगितलं. कुठल्या फोल्डरमध्ये कुठली फाईल आहे, आतल्या माहितीच्या कोठाराचं नाव काय, तिथे कोण ये-जा करतं, सगळं. मास्तरांनी ते वर्गात धडा वाचावा तसं खणखणीत आवाजात वाचलं. बसलेले सगळे ऐकत राहिले.

डॉक्टर बाहेर आले. “हे काय चाललंय? आपल्या घरातलं असं चव्हाट्यावर कशाला?”

डॉक्टरांचं काही चुकलं नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला आपल्या कपाटांच्या किल्ल्या कुठे आहेत, हे कशाला सांगायचं? त्यांनी एका तंत्रज्ञाला बोलावलं. तो आला, माझ्यापुढचं ‘चालू’ पुसून ‘बंद’ लिहिलं, सर्व्हर पुन्हा सुरू केला आणि चहा पिऊन गेला. धाकटी मुळापासूनच बंद होती. त्याने नजर एक ओळ खाली नेली असती तर दिसलं असतं. त्याने नेली नाही. वहिनीचा फोन आला तेव्हा डॉक्टर म्हणाले, “सगळं करून घेतलंय, तू आईकडे बघ.” तिला वाटलं, सगळं म्हणजे दोन्ही.

तिथून माझी गप्प राहण्याची वर्षं सुरू झाली. मित्रांनो, मौन घेणं वेगळं आणि तोंड दाबलं जाणं वेगळं. मौन घेणाऱ्याच्या मनात शांतता असते. माझ्या मनात कुरकुर साठत होती. कुणी फोन नंबरचा चौकोन रिकामा सोडला, की प्रोग्राम पुटपुटायचा, “इथे काहीतरी हवं होतं. आज निभावून नेतो, पुढे जमणार नाही.” हे पुटपुटणं माझ्या ओठांपर्यंत यायचं आणि मागे फिरायचं. धाकटीची लेखणी बंद. म्हणजे ते कुणाच्याच कानावर गेलं नाही. बाहेर सगळे म्हणायचे, “वेबसाइट झकास चाललीय, एक चूक दिसत नाही.” ते ऐकून मी थकून जायची.

मग सर्व्हरवर भाषेची नवी आवृत्ती आली. नवी आवृत्ती कडक शिस्तीची होती. जिथे जुनी कुरकुरत पुढे जायची, तिथे ही जागच्या जागी थांबायची. पान अर्ध्यावर तुटायचं आणि पडद्यावर नुसतं पांढरं दिसायचं. लोकांना त्याचीही सवय झाली. काउंटरवरची मुलगी सांगायची, “पांढरं आलं की परत दाबा.”

मास्तरांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी चित्रांचं प्रदर्शन भरवलं होतं, सकाळी. म्हणून त्यांनी आपली सकाळची वेळ दुपारी करायचं ठरवलं. त्यांच्याकडे फोन नाही. तो चौकोन त्यांनी रिकामा सोडला आणि बटण दाबलं. पान पांढरं आलं. परत दाबलं, परत पांढरं. ते झालं समजून उठले. कोरा कागद म्हणजे काम संपलं, असं त्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं असेल.

पण आत काय झालं होतं? त्यांची सकाळची वेळ प्रोग्रामने सोडून दिली होती आणि दुपारची लिहिण्याआधीच तो थांबला होता.

प्रदर्शन बघून मास्तर दुपारी आले. काउंटरवर त्यांचं नाव नव्हतं. सगळ्या खुर्च्या भरलेल्या. ते भिंतीला टेकले, एकेक वाक्य तोडून बोलायला लागले. आत कंडक्टरकाका नुकतेच खुर्चीवर पडले होते, अजून सुई टोचायची होती. एसटीतून निवृत्त झालेला, अंगाने भरलेला, मोठ्या आवाजाचा माणूस. त्यांनी मान वर करून बघितलं आणि उठले.

“मास्तर, या इथे. उभ्याने प्रवास नको.”

“काका, तुमचं काय?” सिस्टरनी विचारलं.

“मला संध्याकाळची लावा. आज तब्येत ठणठणीत आहे.”

संध्याकाळची एक खुर्ची मोकळी दिसत होती. ती त्यांना दिली. मास्तरांचं मशीन सुरू झालं आणि मोठ्या सिस्टर चादरींच्या खोलीत, सर्व्हरपाशी बसलेल्या वहिनीकडे आल्या. या वेळी दारात थांबल्या नाहीत.

“वहिनी, तुझ्या वेबसाइटने आज माणूस भिंतीशी उभा ठेवला.”

“वन्सं, मी आत्ताच सगळं तपासलं. कुठे चूक दिसत नाहीये.”

“दिसत नाही म्हणजे नाही, असं आम्ही नर्सा म्हणायला लागलो तर?”

वहिनी पुन्हा पडद्याकडे वळली. सिस्टरही गेल्या नाहीत, चादरींच्या गठ्ठ्यावर बसून राहिल्या.

वहिनीला आठवलं, की चूक दाखवणारी एक ओळ असते. ती मला शोधायला निघाली आणि भलतीकडेच गेली. माझी एक जुळी बहीण आहे, शेजारच्या फोल्डरमधल्या तशाच फाईलमध्ये. दिसायला हुबेहूब माझ्यासारखी. पण तिचं राज्य वेगळं. वेबसाइट तिला विचारत नाही, सर्व्हरची आतली कामं तेवढी विचारतात. वहिनीने तिच्यापुढे ‘चालू’ लिहिलं. पान पांढरंच. सर्व्हर पुन्हा सुरू केला. पांढरंच. मी इथे आहे, इथे आहे, असं मला ओरडावंसं वाटत होतं. पण माझ्यापुढे तर ‘बंद’ लिहिलेलं.

वहिनीने कीबोर्डवरचे हात उचलून मांडीवर ठेवले, डोळे मिटले. देवापुढे बसावं तशी क्षणभर बसली. मग तिने वेबसाइटलाच विचारलं, की बाई, तू नेमकी कुठली फाईल वाचतेस? उत्तरात माझा पत्ता आला.

ती माझ्यापाशी आली. माझ्यापुढचं ‘बंद’ वाचलं. मग तिची नजर एक ओळ खाली गेली.

“अगं बाई,” ती हळूच म्हणाली. “दोघीही.”

“कोण दोघी?” सिस्टरनी विचारलं.

“सांगते. आधी वेटिंग रूममधल्या कॉम्प्युटरला कुणी हात लावू नका म्हणावं.”

तिने माझ्यापुढे ‘चालू’ लिहिलं. मास्तरांसारखाच फोनचा चौकोन रिकामा सोडला आणि बटण दाबलं. इतक्या वर्षांनी मला बोलायला मिळालं. मला आनंद झाला, असं म्हणवत नाही. खूप वेळ ओझं धरून ठेवल्यावर खाली ठेवताना हात दुखतात, तसं झालं. ही फाईल, ही ओळ, फोनची जागा रिकामी आहे, पुढे जाता येत नाही.

“फोन,” वहिनी म्हणाली. “ज्यांच्याकडे फोन नाही, त्यांची जुनी वेळ सुटते आणि नवी लागत नाही.”

“फोन नसलेले आपल्याकडे मास्तर आणि त्या शिलाईवाल्या बाई.” सिस्टर बोलता बोलता थांबल्या. “बाईंची वेळ काल होती. त्यांनी ती आज संध्याकाळची करून घेतली. मीच म्हटलं होतं, त्या कॉम्प्युटरवर करा.”

“आज संध्याकाळची खुर्ची...”

“काकांना दिली.”

म्हणजे बाईंना आधीच एक दिवस उशीर झाला होता. त्या संध्याकाळी विश्वासाने आल्या असत्या आणि काउंटरवरच्या मुलीने सांगितलं असतं, “तुमचं नाव नाही, उद्या या.” उद्यापर्यंत काय झालं असतं, हे सिस्टरना माहीत होतं. त्यांनी डॉक्टरांच्या कानावर घातलं आणि तशाच बाहेर पडल्या. बाईंचं दुकान मागच्याच गल्लीत.

पुढचं मी सिस्टरच्या तोंडून ऐकलं. बाई शिलाई मशीनपुढे ताठ बसल्या होत्या, कारण मागे टेकलं की दम लागत होता. पायात चपला जात नव्हत्या. “संध्याकाळी येतेच आहे की,” त्या म्हणाल्या, “हा एवढा ब्लाउज उरकते.” सिस्टरनी सुई कापडातून काढली आणि त्यांना धरून आणलं. पहिली मोकळी झालेली, म्हणजे काकांना दिलेलीच, खुर्ची बाईंना मिळाली. कंडक्टरकाकांना संध्याकाळच्याही पुढे जावं लागणार, हे सांगायचा सिस्टरना संकोच वाटत होता.

“त्यात काय,” काका म्हणाले. “शेवटच्या गाडीने घरी जायची मला जुनी सवय आहे.” त्या दिवशी सिस्टर त्यांच्यासाठी थांबल्या आणि सिस्टरसाठी वहिनी थांबली.

वहिनीने प्रोग्राम दुरुस्त केला. फोन नसला तरी अडणार नाही, आणि नवी वेळ लिहिली गेल्याशिवाय जुनी सुटणार नाही. मग ती माझ्याकडे आली आणि माझ्यापुढे पुन्हा ‘बंद’ लिहिलं. पण या वेळी तिथेच थांबली नाही. एक ओळ खाली उतरून धाकटीपुढे ‘चालू’ लिहिलं.

“म्हणजे माझं तेव्हा बरोबरच होतं,” डॉक्टर म्हणाले. “पडद्यावर नको.”

“पडद्यावर नकोच,” वहिनी म्हणाली. “पण कुणालाच सांगायचं नाही, असं झालं होतं.”

तेव्हापासून वहिनीने एक नेम धरला आहे. सकाळी केंद्रात आली, की चहाच्या आधी धाकटीने लिहिलेलं वाचायचं. कधी चार ओळी असतात, कधी काहीच नसतं. नसलं तरी उघडून बघायचं. मोठ्या सिस्टर आधी तिला चिडवायच्या, “झालं का पारायण?” मग एकदा वहिनी तापाने आडवी झाली. त्या सकाळी चादरींच्या खोलीत सिस्टर आल्या, फोन कानाला लावून धाकटीची फाईल शब्द न् शब्द वाचून दाखवली. त्यातलं काही त्यांना कळलं नाही. पण एक शब्द गाळला नाही.

मी अजून बंदच आहे आणि आता तशीच राहीन. पण हे मौन मी मनापासून घेतलेलं आहे, कारण माझ्या खाली कुणीतरी लिहितं आहे आणि ते वाचायला कुणीतरी येतं आहे. मित्रांनो, तुमच्या हातून काही चुकलं तर ते चारचौघांत सांगायलाच हवं, असं मी म्हणत नाही. पण एका तरी माणसाच्या कानावर घाला. आणि तुमच्यापाशी कुणी बारीक कुरकुर केली, तर तिला पुरतं बोलू द्या. ती लहान असते तेव्हाच ऐकायला सोपी असते.

आताही सकाळ झाली आहे. वहिनी वाचते आहे. मोठ्या सिस्टर तिचा चहा घेऊन आल्या, कपावर बशी झाकली आणि वाचून होईपर्यंत शेजारी उभ्या राहिल्या.