उजवा कान

सिराजुद्दीनची अक्कल मोठी, पण भीती त्याहून मोठी. दम्मामबाहेरच्या एका फार्मवर अकरा वर्षं त्याचं एकच काम: गोठ्यातल्या बैलांच्या कानात, जाड सुईने कातडीखाली, वाढीच्या हार्मोनच्या गोळ्या सोडायच्या. बघता बघता जनावर असं भरायचं की चालताना धापा टाकायचं.

मग सौदीकरण आलं: परदेशी माणसांच्या जागी सौदी पोरं, आणि या फार्मवर नायफ. "नायफला काम शिकव," मॅनेजर म्हणाला. सिराजने शिकवलं, पण सगळं नाही. सगळंच शिकवलं तर आपला इकामा, इथे राहायचा परवाना, कोण वाढवणार, हो? गोळ्या नेहमी डाव्या कानात सोडायच्या आणि जनावर कापलं की, उरलेलं औषध कुणाच्या खाण्यात जाऊ नये म्हणून, तो कान भट्टीत टाकायचा, हे त्याने पोटातच ठेवलं. अडेल तेव्हा येईल झक मारत विचारायला!

नायफ काही अडला नाही. उलट सिराजचीच बदली कत्तलीच्या शेडमध्ये झाली.

तिथे मुंड्या फुकट मिळत. गुरुवारी सिराजने एक घरी आणली, डावा कान आठवणीने कापून. रुकय्याने उजवा कान आगीवर धरून खरवडला आणि मसुरात शिजवला. नऊ वर्षांनी तिला दिवस राहिले होते. सातवा चालू होता, आणि खा खा सुटली होती.

शनिवारी सकाळी सिराज गोठ्यावरून जाताना थबकला. नायफ डावखुरा. सुई उजव्या कानात.

"उजव्यात कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. कुठला कान ते तू कुठे सांगितलंस?"

सिराज तसाच बाजूला झाला. त्याने घरी फोन लावला.

"रुकय्या, तो कान खाल्लास?"

"खाल्ला की. अवो, तुमच्यासाठी ठेवायचा होता, पण राहवलं नाही. आत दाणे दाणे होते, मला वाटलं मसूरच कच्चा राहिला. का? काय झालं?"

काय सांगणार, कपाळ! तासाभरात तो तिला घेऊन हॉस्पिटलात पोचला. डॉक्टर अर्चना साताऱ्याकडच्या, सगळं ऐकूनही रागावल्या नाहीत, हेच त्याला जास्त भयंकर वाटलं. "कदाचित काही होणारही नाही," त्या म्हणाल्या, "पण औषध कोणतं, किती, ते कळल्याशिवाय मी काही बोलणार नाही. खोका घेऊन या."

खोका नायफच्या कपाटात. मागायचा तर कारण सांगावं लागणार, आणि कारण सांगितलं की नोकरी खलास. सिराज फार्मवर परतला आणि कपाटासमोर उभा राहिला. या अल्ला, नोकरी घे, पण पोर ठेव!

"नायफ, मी तुला मुद्दाम सांगितलं नाही," तो म्हणाला, आणि मग सगळं ओकला. कानाचं, भट्टीचं, रुकय्याचं.

नायफ ओरडेल, मॅनेजरकडे धावेल, असं त्याला वाटलं. नायफने खोका काढून त्याच्या हातात दिला.

"सिराज," तो म्हणाला, "गुरुवारी मीही एक मुंडी घरी नेली. माझी मुलगी तीन वर्षांची आहे."

दोघेही गाडीकडे पळत सुटले.