शिट्टी थांबली

गॅरेजमध्ये सगळे त्यांना उस्ताद म्हणत आणि या मानाला तेही कधी नको म्हणाले नव्हते. गाडी दारात उभी राहायच्या आत, नुसत्या आवाजावरून, दुखणं कुठं आहे ते सांगत. गिऱ्हाईक तोंड उघडायला लागलं की हात वर करून गप्प बसवत. "तुम्ही नका सांगू, गाडीला बोलू द्या." मग लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं आणि मूठ कानाला. खरखर, कुईकुई, जे काही असेल ते बंद झालं की काम फत्ते. आवाज गेला म्हणजे बिघाड गेला, हे त्यांच्या अगदी हाडीमासी खिळलेलं होतं.

त्यामुळे त्या दुपारी हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात लेकीच्या पलंगाशी बसले, तेव्हाही ते नुसते ऐकत होते. चिमणीला, म्हणजे त्यांच्या या एकुलत्या एका लेकीला, लहानपणापासून दमा. दोन दिवस नाक वाहत होतं, आणि आज शाळेतून आली ती खांदे उचलून उचलून श्वास घेत. छातीतून शिट्टी वाजत होती. तोंडात मारायचा औषधाचा पंप दिला, थोड्या वेळाने पुन्हा दिला, आणि उतार पडेना तेव्हा उस्तादांनी गॅरेज तसंच उघडं टाकून तिला उचललं. बायको नेमकी बहिणीच्या बाळंतपणाला परगावी गेलेली.

डॉक्टर तशी पोरसवदाच होती, पण कामाला वाघ. तिने आधी ऑक्सिजन लावला, मग मास्कमधून औषधाची वाफ. एक संपली की थोड्या वेळाने दुसरी, मग तिसरी. मधेच एक कडू औषध पाजलं. "हे आतली सूज उतरवतं. पण त्याला काही तास लागतात, म्हणून आधीच देऊन ठेवायचं," ती म्हणाली. तिसऱ्या वाफेनंतर चिमणी जरा सावरली. तेवढ्यात पलीकडे स्कूटरवरून पडलेले दोघे भाऊ रक्तबंबाळ होऊन आले. डॉक्टर तिकडे धावली आणि तिच्यामागे सिस्टर. चिमणीच्या बोटाला लावलेलं ऑक्सिजन मोजायचं यंत्रही तिकडेच गेलं, कारण ते एकच चालू होतं.

"काही वेगळं वाटलं तर लगेच हाक मारा," जाता जाता डॉक्टर म्हणाली.

उस्तादांनी मान डोलावली. वेगळं काहीच वाटलं नाही, उलट सगळं झकास चाललं होतं. शिट्टी हळूहळू बारीक होत गेली, मग तुटक झाली, मग थांबली. चिमणीचे डोळे मिटले. उस्तादांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि चादर तिच्या गळ्यापर्यंत ओढून दिली. बायकोला फोन लावला तेव्हा आवाजात थोडा रुबाबही होता.

"आली गाडी लाईनवर. शिट्टी साफ बंद. झोपलीय आता."

"मला तिच्याशी बोलायचंय."

"अगं, आत्ताच डोळा लागलाय. दमलीय बिचारी."

"अहो, एक शब्द ऐकू द्या मला. तेवढ्यानं काय बिघडतंय?"

आता हिच्यापुढे कोण बोलणार! उस्तादांनी फोन उशीजवळ धरला आणि चिमणीचा खांदा हलवला. "ए चिमणे, आई आहे बघ." पोरीने डोळे अर्धवट उघडले, पण ती बघत कुठेच नव्हती. पुन्हा हलवलं, जोरात हलवलं. चादर सरकली आणि त्यांना फासळ्यांखाली खोल पडणारे खड्डे दिसले. ओठांचा रंगही नेहमीचा नव्हता. फोन हातातून निसटला आणि उस्ताद असे ओरडले, की पलीकडचे दोघे जखमी भाऊसुद्धा कण्हायचे थांबले.

डॉक्टर धावत आली. तिने स्टेथोस्कोपची नळी छातीच्या एका बाजूला ठेवली, मग दुसऱ्या. "हवाच जात नाहीये आत," ती सिस्टरला म्हणाली. पुन्हा मास्क लागला, वाफेत आणखी एक औषध मिसळलं, शिरेत सुई गेली. दोघींचे हात भराभर चालत होते.

"पण शिट्टी थांबली होती ना?" उस्तादांनी कोपऱ्यातून विचारलं. "बरं वाटलं म्हणूनच थांबली ना?"

"वाजायलासुद्धा हवा लागते, दादा," डॉक्टर वळून न बघता म्हणाली.

उस्ताद भिंतीला टेकले. चादर! पोरीचा जीव जात होता आणि बाप तिची चादर नीट करत होता. आयुष्यभर ज्या कानांचा तोरा मिरवला, ते उपटून फेकावेत असं त्यांना वाटलं. ते देवाला काहीबाही कबूल करत राहिले, आणि काय कबूल केलं ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

शिरेतलं औषध सावकाश गेलं. बऱ्याच वेळाने मास्कखालून काहीतरी ऐकू आलं. कुई. मग पुन्हा, जरा लांबलचक.

"परत सुरू झाली!" उस्ताद कळवळले.

"हो, झाली," डॉक्टर म्हणाली आणि पहिल्यांदाच हसली. "आता हवा जायला लागली." मग ती त्यांच्याजवळ आली. "चूक माझीही आहे, दादा. 'काही वेगळं वाटलं तर' हे काय सांगणं झालं? मूल मलूल पडलं, बोलेनासं झालं, फासळ्यांखाली खड्डे पडले तर हाक मारा, असं एकेक करून सांगायचं आमचं ठरलेलं आहे. गडबडीत राहून गेलं."

उस्तादांनी हात जोडले.

चिमणीच्या ओठांवर रंग येईपर्यंत खिडकीतलं ऊन उतरून गेलं होतं. सिस्टर चादर बदलायला आली, तर पायथ्याशी फोन सापडला. तिने तो कानाला लावून बघितला. "अहो, यात कुणीतरी आहे अजून."

उस्तादांनी फोन घेतला. "तू... ठेवला नाहीस?"

"कसा ठेवणार?" बायकोचा आवाज पार बसला होता. "सगळं ऐकत होते."

"मी तिला झोपू देणार होतो गं. मी तर..."

"ते राहू द्या. तिला द्या."

उस्तादांनी डॉक्टरकडे बघितलं. "बोलू दे," ती म्हणाली. "एका दमात किती बोलता येतं, ते मलाही बघायचंय." तिने मास्क जरासा बाजूला केला.

"आई," चिमणी म्हणाली आणि थांबली. तिने एक श्वास घेतला, कपाळाला आठी घातली, आणि एका दमात म्हणाली, "मला इतकी छान झोप येत होती आणि बाबांनी उगाच हलवून हलवून उठवलं."

सिस्टर खुदकन हसली. उस्तादांनी तोंड फिरवलं.

"त्यांना नको रागावूस," फोनमधून आई म्हणाली. "मीच सांगितलं होतं."